२२ हजारांचं हेल्मेट आणि माळ्यावरचं हेल्मेट

या सदराला आलेलं पत्र असं आहे:

"नमस्कार. आम्ही तळेगावला राहतो. यजमान चाकण एमआयडीसीत शिफ्टला जातात, जाऊन-येऊन रोज चाळीसेक किलोमीटर मोटरसायकलवर. मागच्या दिवाळीत त्यांनी ३५० सीसीची नवी गाडी घेतली आणि कंपनीतल्या मित्रांच्या रायडिंग ग्रुपमध्ये गेले. आता रविवारी कधी ताम्हिणी, कधी माळशेज. त्यांच्याकडे दीड हजाराचं आयएसआय हेल्मेट आहे, दोन वर्षांचं. ग्रुपमधले त्याला 'दूधवाल्याचं हेल्मेट' म्हणून हसतात. आता यांना २२ हजारांचं परदेशी हेल्मेट हवंय, हप्त्यांवर. मी नको म्हटलं तर म्हणाले, 'माझ्या डोक्याची किंमत तुझ्या लेखी दीड हजार का?' यावर काय बोलणार? महागडं हेल्मेट खरंच जास्त वाचवतं का, की मीच चिंगूसपणा करतेय? (माझं म्हणाल तर मला हेल्मेटची सवय नाही. स्कूटर घेतली तेव्हा शोरूमने दिलेलं एक आहे, ते माळ्यावर आहे. मुलगी सात वर्षांची, तिला शाळेत मीच सोडते.)"

ताई,

यजमानांनी तुम्हाला ऐकवलेलं वाक्य मुळात त्यांचं नाही. अमेरिकेतल्या बेल नावाच्या हेल्मेट कंपनीची एक जुनी जाहिरात होती: तुमचं डोकं दहा डॉलरचं असेल तर खुशाल दहा डॉलरचं हेल्मेट घाला. तेव्हापासून दुकानदारांनी आणि ग्रुपमधल्या अनुभवी मंडळींनी हे वाक्य आपापल्या चलनात करून घेतलं आहे. वाक्य बिनतोड आहे, कारण उत्तर द्यायला जो तोंड उघडेल तो आपोआप कंजूष ठरतो. तेव्हा त्या वाक्याच्या नादी न लागता आपण हेल्मेटकडेच पाहू.

मी कोण बोलणारा, तेही सांगतो. मी २४ वर्षं विम्याच्या दाव्यांसाठी अपघातातल्या दुचाक्यांची पाहणी केली. पोलीस ठाण्याच्या आवारात गंजत पडलेल्या, गॅरेजच्या मागे ताडपत्रीखाली झाकलेल्या. हँडलला बऱ्याचदा हेल्मेटही लटकवलेलं असे आणि सवयीने मी ते उलटंपालटं करून बघे. त्यातली महाग किती, स्वस्त किती, आज आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की पट्टा लावलेला होता की नाही. पंचनाम्यात "हेल्मेट घटनास्थळापासून अमुक फुटांवर मिळून आले" हे वाक्य दिसलं, की पुढचं पान उलटायला हात जड व्हायचा.

हेल्मेटमधलं वाचवणारं काय, असं विचारलं की लोक बाहेरच्या कवचावर टकटक करून दाखवतात. खरं काम आतल्या थर्माकोलचं असतं. २०१८ साली राज्यात बंदी येईपर्यंत आपण गणपतीच्या मखरासाठी जो कापत होतो, तोच. फक्त जास्त घट्ट आणि दाट. डोकं आपटतं तेव्हा हा इंचभर थर्माकोल दबतो, चुरतो, आणि डोक्याला थांबायला हजारांश सेकंदांतला का होईना, थोडा वेळ मिळतो. डांबरावर थेट आपटलेल्या डोक्याला तो मिळत नाही, कारण तिथे दबायला कवटीशिवाय काही नसतं. एकदा दबलेला थर्माकोल पुन्हा फुगत नाही, म्हणून एक मोठा आघात झाला की हेल्मेट संपलं, बाहेरून कितीही नवं दिसो. कवचाचं काम वेगळं: आघात जास्त जागेवर पसरवायचा, टोकदार वस्तू आत येऊ द्यायची नाही आणि रस्त्यावर अडकून न राहता घसरत जायचं.

आता थर्माकोल काही सोन्याच्या भावाने मिळत नाही. दीड हजाराच्या हेल्मेटात आणि २२ हजारांच्या हेल्मेटात जीव वाचवणारा पदार्थ जवळपास एकच आहे. महागड्यात तो दोन-तीन वेगवेगळ्या घनतांच्या थरांत बसवलेला असतो, जागेनुसार कुठे मऊ, कुठे कडक. त्याचा फायदा आहे. पण १५ पट किमतीला १५ पट फायदा, असलं काही गणित त्यात नाही.

दुसरी गोष्ट लोकांना पटवायला फार जड जाते. गाडी ताशी ८० ने चालली होती म्हणून डोकं ८० ने आपटतं, असं नाही. माणूस गाडीवरून पडतो तेव्हा डोकं साधारण दीड-पावणेदोन मीटर उंचीवरून खाली येतं. तेवढ्या उंचीवरून पडलेली कुठलीही वस्तू जमिनीला ताशी २० किलोमीटरच्या आसपास वेगाने भिडते. पुढे जाण्याचा उरलेला वेग घसरण्यात, लोळण्यात, कपडे आणि कातडी सोलण्यात खर्च होतो. हेल्मेटच्या चाचण्यांमधले वेगही त्यामुळेच ऐकायला किरकोळ वाटतात. युरोपच्या जुन्या ईसीई २२.०५ या मानकात हेल्मेट सेकंदाला साडेसात मीटर, म्हणजे ताशी २७ किलोमीटरने आपटायचे. नव्या २२.०६ मध्ये ते ८.२ मीटरपर्यंत नेलं आहे, आणि कमी वेगाचीही एक चाचणी जोडली आहे, कारण फार कडक थर्माकोल हलक्या आघातात दबतच नाही आणि सगळा झटका डोक्याला देतो. माणूस सरळ उभ्या डिव्हायडरवर किंवा कंटेनरच्या मागच्या दांड्यावर गेला तर मात्र हिशोब पार बदलतो. तिथे दीड हजारही कमी पडतात आणि २२ हजारही. तुमच्या तळेगाव–चाकण रस्त्यावर कंटेनरांची कमी नाही, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

मग स्वस्त आणि महाग शेजारी ठेवून कुणी तपासली आहेत का? आहेत. ब्रिटनच्या वाहतूक खात्याने २००७ पासून शार्प नावाची योजना चालवली आहे. हेल्मेटांवर आघात करून पाहायचे आणि एक ते पाच तारे द्यायचे. या यादीवरून नजर फिरवली तर कमी किमतीच्या पॉलिकार्बोनेट हेल्मेटाला पाच तारे आणि त्याच्या कितीतरी पट किमतीच्या नावाजलेल्या हेल्मेटाला तीन-चार, अशा जोड्या सापडतात. किंमत आणि तारे हातात हात घालून चालत नाहीत. त्याआधी २००५ मध्ये एका अमेरिकन मोटरसायकल मासिकाने सुमारे ८० डॉलरपासून ४०० डॉलरच्या पुढच्या हेल्मेटांपर्यंत सगळी आपटून पाहिली होती, तेव्हा ८० डॉलरवालंच डोक्याला सर्वांत कमी झटका देणाऱ्यांमध्ये निघालं. अमेरिकेत त्यावरून मोठी भांडणं झाली, कारण महागड्यांपैकी बऱ्याच जणांकडे स्नेल या खासगी संस्थेचा दाखला होता. ते मानक तेव्हा फार जोरदार आघातांसाठी बांधलेलं होतं, म्हणून हेल्मेटं कडक बनत. पुढे स्नेलने आपले नियम बदलले.

हे ऐकून यजमानांना "बघा, दीड हजारवालंच बेस्ट" असं सांगायला धावू नका. त्या यादीतलं 'स्वस्त' हेल्मेट युरोपचं मानक पार केलेलं असतं. आपल्याकडे स्वस्त या एका शब्दात तीन वेगळ्या वस्तू कोंबलेल्या आहेत.

पहिली, हायवेच्या कडेला दोरीवर टांगलेली, दोनशे-तीनशे रुपयांची. पाऊस आला की प्लास्टिकचा कागद टाकून झाकतात ती. त्यात थर्माकोल असला तर नावाला, नाहीतर नुसता स्पंज. हे हेल्मेट नव्हे, पोलिसाला दाखवायचं ओळखपत्र आहे. १ जून २०२१ पासून देशात आयएसआय खुणेशिवाय दुचाकीचं हेल्मेट बनवायला आणि विकायला बंदी आहे, तरी दोऱ्या काही उतरल्या नाहीत. आयएसआयचा छापही खोटा मारतात, म्हणून छापाच्या वर आयएस ४१५१ हा आकडा आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक आहे का ते बघायचं, आणि तो क्रमांक बीआयएस केअर या सरकारी ॲपमध्ये टाकायचा. उत्पादकाचं नाव समोर येतं. एक मिनिटाचं काम आहे. आणि 'डॉट'च्या स्टिकरवर भाळू नका. ते अमेरिकेचं मानक, तिथेही कंपनी स्वतःच स्वतःला दाखला देते आणि सरकार नंतर बाजारातून नमुने उचलून तपासतं. आपल्याकडे तर नुसतं स्टिकरच वेगळं विकत मिळतं.

दुसरी वस्तू म्हणजे हजार ते दोन हजारांतलं खरं आयएसआय हेल्मेट. फरिदाबादचं स्टड्स, आपल्या शेजारच्या बेळगावचं वेगा, स्टीलबर्ड, अशी नावं तुम्ही ऐकली असतील. तुमच्या घरातलं 'दूधवाल्याचं हेल्मेट' बहुधा याच जातीचं आहे, आणि ग्रुपवाल्यांनी ज्या दूधवाल्याला हसण्यावारी नेलं तो पहाटे चारला धुक्यात, दोन्ही बाजूंना कॅन लावून वर्षाचे ३६५ दिवस गाडी चालवतो. रस्त्याचा अनुभव त्याच्याकडे जास्त आहे.

तिसरी वस्तू चार ते सात हजारांतली. यात आयएसआयबरोबर ईसीईची खूण असलेली, भारतातच बनलेलीही बरीच मिळतात. महागड्यांच्या तुलनेत हीसुद्धा स्वस्तच, आणि माझा सगळा जीव या तिसऱ्या खणावर आहे. तिकडे येतोच.

त्याआधी २२ हजारांच्या बाजूनेही बोललं पाहिजे, नाहीतर यजमान म्हणतील की सदरवाला बायकोच्या पक्षाचा निघाला. एवढ्या पैशात बरंच काही मिळतं. वजन कमी होतं किंवा निदान नीट तोललेलं असतं, सहा तासांच्या राइडनंतर मान सांगते. वाऱ्याचा आवाज कमी येतो. ही चैन नाही: हायवेच्या वेगाला हेल्मेटच्या आत वाऱ्याचाच आवाज ९० डेसिबलच्या वर जातो, तासन्‌तास तो कानाला त्रास देतो आणि माणूस थकतो. थकलेला माणूस चुका करतो. (यावर शंभर रुपयांचे फोमचे कानातले बोळे हा उपाय कुणीच सांगत नाही, कारण त्यावर कुणाचं कमिशन नाही.) आतलं अस्तर निघतं, धुता येतं. आपल्या उन्हाळ्यात हवा खेळणं महत्त्वाचं, कारण गरम होतं म्हणून काढून आरशाला लटकवलेलं हेल्मेट जगातलं कितीही चांगलं असलं तरी आरसाच वाचवतं. काच चांगली असते, तिच्या आत पिनलॉक म्हणतात ती दुसरी पातळ काच बसते, आणि जुलैत माळशेजच्या ढगात शिरल्यावर वाफ धरत नाही. एका मापाच्या कवचात चार डोकी कोंबण्याऐवजी दोन-तीन आकारांची कवचं असतात, त्यामुळे बारीक डोक्याचा माणूस भोपळा घातल्यासारखा दिसत नाही. पण बारकाईने बघाल तर यातलं जवळपास सगळं आपटण्याच्या आधीचं आहे. आपटल्यानंतरच्या त्या काही हजारांश सेकंदांत चांगल्या पाच हजारवाल्यात आणि २२ हजारवाल्यात उरणारा फरक छोटा असतो, आणि कधी कधी उलटाही असतो.

एक गोष्ट मात्र आपटतानाचीच आहे. डोकं बहुतेक वेळा सरळ नाही, तिरकं आपटतं आणि गरकन फिरतं. त्या फिरण्याने मेंदूला होणारी इजा वेगळी आणि वाईट. ईसीई २२.०६ मध्ये हे फिरणं मोजण्याची चाचणी आली, २२.०५ मध्ये अशी मोजणी नव्हती. म्हणून मी ईसीई म्हणताना २२.०६ चा आग्रह धरतो. ओळखायचं कसं? पट्ट्यावर शिवलेली एक छोटी कापडी चिठ्ठी असते, त्यावर वर्तुळात ई आणि एक अंक, आणि शेजारी मान्यता क्रमांक. तो ०६ ने सुरू व्हायला हवा. ही चिठ्ठी सहा हजारांच्या हेल्मेटावरही सापडते आणि जुना साठा असलेल्या २२ हजारांच्या हेल्मेटावर कदाचित ०५ सापडते. दुकानात यजमानांना तीच आधी बघायला सांगा, हेल्मेटच्या पाठीमागचा पंख (स्पॉयलर) नंतर. आणि परदेशी असलं तरी आपल्या रस्त्यासाठी त्यावर आयएसआय हवंच. कुणाच्या तरी मेहुण्याने दुबईहून आणलेलं कायद्याच्या लेखी दोरीवरच्या रांगेतच बसतं.

आता मापाबद्दल, कारण पैशाच्या वादात हेच हरवतं. हेल्मेट मापाचं नसेल तर बाकी सगळं फुकट. घरातली शिवणाची टेप घ्या, भुवयांच्या बोटभर वरून, कानांच्या वरून, मागच्या फुगवट्यावरून डोक्याचा घेर मोजा. ५७-५८ सेंटिमीटर म्हणजे साधारण मीडियम, ५९-६० लार्ज, पण प्रत्येक कंपनीचा तक्ता थोडा वेगळा. घातल्यावर गाल दाबले गेले पाहिजेत, बोलताना गालाची आतली बाजू दातांखाली येईल इतके. नवं हेल्मेट घट्टच हवं, गालाच्या गाद्या महिन्याभरात बसतात. दुकानात सैल वाटलं ते सहा महिन्यांनी गरगर फिरेल. मग पट्टा लावा आणि मागून, मानेजवळ हेल्मेटची कड धरून पुढे उपसायचा प्रयत्न करा. निघालं तर परत ठेवा, किंमत विचारूसुद्धा नका. हे करून न देणारा दुकानदार असेल तर दुकान बदला, पुण्यात नाना पेठेत दुकानांना तोटा नाही. ऑनलाइन स्वस्त मिळतं खरं, पण आधी दुकानात तेच मॉडेल डोक्यावर दहा मिनिटं ठेवून पाहा. कपाळावर एका जागी ठणकायला लागलं तर ते हेल्मेट तुमच्या डोक्याच्या आकाराचं नाही. दहा मिनिटांत दुखणारं दोन तासांत काढून ठेवलं जातं.

यजमानांचं सध्याचं हेल्मेट कधी जोरात आपटलेलं नसेल, मापाचं असेल, पूर्ण तोंड झाकणारं असेल, तर रोजच्या चाकणला ते आणखी दोन-तीन वर्षं चालेल. हेल्मेटचं आयुष्य साधारण पाच वर्षं धरतात, घामाने, तेलाने आणि उन्हाने आतलं सगळं सैल होतं. फक्त काच बघा. दोन वर्षांत तिच्यावर धुळीचे बारीक ओरखडे पडले असतील. रात्रपाळीहून येताना समोरच्या ट्रकचे दिवे त्या ओरखड्यांत फुटतात आणि दोन सेकंद पुढचं काही दिसत नाही. दोन-तीनशे रुपयांची नवी साधी काच लावली तर हा त्रास आजच संपेल. गडद काच रात्रीला नकोच. हेल्मेटला पेट्रोल, थिनर लावू नका, आतला थर्माकोल पेट्रोलमध्ये विरघळतो. लहानपणी आपण सगळ्यांनी हा प्रयोग केलेला आहे, तेव्हा पुरावा देत बसत नाही.

आणि आता ताई, तुमचा कंस.

चार पानांच्या पत्रात यजमानांच्या डोक्याला साडेतीन पानं आणि तुमच्या नि लेकीच्या डोक्याला मिळून एक कंस. (पत्र मी इथे छोटं करून छापलंय, पण प्रमाण तेच होतं.) मी तो कंस वाचला आणि पहिल्यापासून पत्र पुन्हा वाचलं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ मृत्यूंची नोंद आहे. त्यातले १४,३३७ मागे बसलेले होते. रविवारी तुम्ही त्यांच्यामागे बसत असाल तर तुमचं डोकं त्यांच्याच उंचीवरून, त्याच डांबरावर पडणार. आणि शाळेच्या रस्त्यावर तर पुढेही तुम्हीच.

हेल्मेटच्या जगातला सगळ्यात मोठा फरक पाच हजार आणि २२ हजार यांच्यात नाहीच. २००८ मध्ये जगभरातल्या अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला, त्यात हेल्मेटने मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्क्यांनी कमी होतो असं दिसलं. ही हेल्मेटं सगळ्या भावांची होती. त्याच्याही खूप आधी, 'अरबस्तानचा लॉरेन्स' म्हणून ओळखला जाणारा इंग्रज अधिकारी १९३५ मध्ये मोटरसायकलवरून पडून डोक्याला मार लागून गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांमध्ये ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. त्यांनी पुढे सैन्यातल्या मोटरसायकलस्वारांच्या अपघातांचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये तो छापला. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने ड्युटीवरच्या मोटरसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. त्या काळच्या हेल्मेटात थर्माकोल नव्हता, काही नव्हतं, आजच्या आपल्या कुठल्याही चाचणीत ते पहिल्याच फटक्यात नापास झालं असतं. तरी ते घातलेल्यांच्या जखमा हलक्या निघाल्या. काहीच नाही ते काहीतरी, ही उडी सगळ्यात लांब आहे, आणि तुमच्या घरात ती मारायची दोन माणसं बाकी आहेत.

माळ्यावरचं खाली काढा. गाडी विकताना हेल्मेट द्यायचा नियम आहे, म्हणून शोरूमवाले देतात, आणि बहुतेक जण सर्वांत हलकं देतात. खूण आणि क्रमांक तपासा. अर्ध्या टोपीसारखं असेल तर वापरू नका. जर्मनीत डीटमार ओटे यांनी अपघातातल्या हेल्मेटांवर आघात कुठे झाले ते नोंदवलं, त्यात एक तृतीयांशाच्या आसपास हनुवटी आणि जबड्याच्या भागात निघाले. अर्ध्या टोपीत तो भाग उघडाच असतो. तुम्ही दीड-दोन हजारांचं, पूर्ण तोंड झाकणारं, लहान मापाचं घ्या. तुमची अडचण केसांची असणार, बायकांना हेल्मेट विकणारे पुरुष यावर कधी बोलत नाहीत. अंबाडा घालून हेल्मेट बसत नाही, ते मागून उचललं जातं आणि कपाळ उघडं पडतं. मानेजवळ सैल वेणी घाला. क्लचर काढून पर्समध्ये टाका, आपटल्यावर त्याचे दाते हेल्मेटच्या आतून डोक्यातच घुसायचे. आत पातळ सुती स्कार्फ चालतो, घाम टिपतो, जाडजूड गाठ नको. ओढणी मागे सोडू नका, चाकात जाते. हे तुम्हाला माहीत आहे, तरी लिहिलं.

लेक सात वर्षांची. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ चार वर्षांवरच्या प्रत्येकाला लागू आहे, चालवणाऱ्याला आणि बसणाऱ्याला. मोडलं तर एक हजार दंड आणि परवाना तीन महिने निलंबित होऊ शकतो. पण दंडाचं सोडा. लहान मुलांच्या मापाची आयएसआय हेल्मेटं मिळतात, हजार-बाराशेच्या आसपास. इथे एकच विनंती: वाढत्या मापाचं घेऊ नका. शाळेचा गणवेश आपण दोन इंच मोठा शिवतो, पुढच्या वर्षी होईल म्हणून. हेल्मेटला ते चालत नाही. आज बसेल तेच घ्या, हलकं घ्या, कारण तिची मान अजून कोवळी आहे, आणि दोन वर्षांनी बदला. रंग तिला निवडू द्या. घालायला लागणारी अर्धी कटकट तिथेच संपते.

आता बेरीज. यजमानांना रविवारच्या राइडसाठी पाच-सहा हजारांचं, २२.०६ ची चिठ्ठी असलेलं. तुमचं दोन हजार. लेकीचं बाराशे. यजमानांच्या जुन्याला नवी काच, कानातले बोळे. दहा हजारांच्या आत तीन डोकी झाली. उरलेल्या बारा हजारांत त्यांना बोटांची हाडं झाकणारे हातमोजे आणि खांदे-कोपरांत गाद्या असलेलं जॅकेट घेता येईल. ताम्हिणीच्या वळणावर घसरला तर माणूस आधी हात टेकतो, आणि ग्रुपमध्ये तळवे सोललेला माणूस महिनाभर जेवताना दुसऱ्याच्या हाताने खातो. त्यावर कुणी हसत नाही. त्यांना यावरही २२ हजारांचंच हवं असेल, हप्ता झेपत असेल, तर घेऊ द्या. चांगली वस्तू आहे, मनापासून आवडलेलं हेल्मेट माणूस रोज घालतो. फक्त क्रम बदला: आधी तुमचं आणि लेकीचं रोख, मग त्यांचं हप्त्यावर. हे मी म्हटलंय म्हणून सांगा, भांडण माझ्या अंगावर येऊ द्या.

येत्या रविवारी राइड नको म्हणावं, तिघं मिळून दुकानात जा. टेप घेऊन जा, दुकानदाराची बहुधा ताणून सैल झालेली असते. आणि एक राहिलं. घरातलं एखादं हेल्मेट आपटलेलं किंवा फार जुनं निघालं, तर ते दिराला किंवा कामवाल्या बाईंच्या मुलाला "अजून चांगलं आहे" म्हणून देऊ नका. कात्रीने पट्टा कापा आणि मगच भंगारात टाका, नाहीतर पुसून, पॉलिश मारून ते पुन्हा त्याच दोरीवर लटकतं.